सकाळचा पांढरा धूर: नुकत्याच घेतलेल्या एका जुन्या गाडीचं प्रकरण

गाडी बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका गावातली. मालक प्राथमिक शिक्षक, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. गाडी बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, आठ-नऊ वर्षांची, एमएच-०९ पासिंग. कोल्हापूर भागातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणाऱ्या एनओसीसाठी, म्हणजे ना हरकत दाखल्यासाठी, २८ नंबरचा फॉर्म भरला होता, तो कागद हातात यायचा होता. तोवर काही रक्कम गुरुजींनी रोखून ठेवली होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात अशी रक्कम ठेवायची पद्धतच आहे, आणि या प्रकरणात पुढं तिचा मोठा उपयोग झाला.

तक्रार एकच. सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू केली की मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. पाच-दहा मिनिटांत थांबतो आणि दिवसभर पुन्हा दिसत नाही.

गुरुजी आमच्याकडं येईपर्यंत त्यांना तीन मतं मिळाली होती. शेजारी म्हणाले, थंडीचा धूर आहे, लक्ष देऊ नका. गावाकडच्या एका मेस्त्रीनं धूर पाहताक्षणी सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागणार. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचा, आणि गॅस्केट ही दोघांच्या मधली पातळ पट्टी.) व्यापारी फोनवर म्हणाला, आमच्याकडं असं काही नव्हतं, तुमच्याकडं थंडी जास्त. गंमत नाही, पण या तिन्ही मतांना थोडाथोडा आधार होता. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. पांढरा धूर बघून निदान करणारे भेटतात खूप. इंजिन थंड ठेवणारं पाणी खरोखर कमी होतंय का आणि होत असेल तर कोणत्या वाटेनं, हे मोजणारे कमी भेटतात. आणि त्या मोजण्यावरच पंधरा-वीस हजारांचा किंवा त्याहून मोठा खर्च अवलंबून असतो.

थंडीच्या मताला शास्त्राचा आधार आहे, तो आधी सांगतो. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. हे रोज, प्रत्येक गाडीत होतं. सायलेन्सर तापलेला असेल तर ही वाफ दिसत नाही. तो थंड असेल, साधारण ५० अंशांच्या खाली, तर वाफेचे थेंब होतात, काही आतच साठतात आणि उरलेले पांढरा धूर म्हणून दिसतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, कोल्हापूर त्याहून खाली. डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटेचा पारा १२-१४ अंशांवर येतो, आणि जांबोटीच्या बाजूला रान आणि धुकं असल्यानं हवेत ओल जास्त. तिथं सकाळी चांगल्यातली चांगली गाडीही धूर सोडते. तेव्हा व्यापाऱ्याचं म्हणणं हवेत मारलेलं नव्हतं. ते अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं असलेलं म्हणणं खोडून काढायला जास्त मेहनत लागते.

आम्ही गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून घेतली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, गळ्यापर्यंत भरलं, आणि बाजूच्या बाटलीवर पातळीची खूण मार्करनं केली. झाकण गार इंजिनावरच उघडायचं, यात तडजोड नाही. कूलिंगची व्यवस्था प्रेशर कुकरसारखी दाबाखाली चालते. बेळगावच्या उंचीवर साधं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, पण १.१ बारच्या झाकणाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गरम इंजिनावर झाकण काढलं की ते सगळं एका क्षणात तोंडावर येतं. हात आणि चेहरा भाजलेली माणसं मी बघितली आहेत.

झाकण उघडल्यावरच पहिली शंका आली. आतलं पाणी हिरवं होतं खरं, पण झाकणाच्या आतल्या बाजूला आणि गळ्याच्या कडेला तपकिरी, बोटाला कणकण लागणारा साका होता. निव्वळ गंज बोटाला असा लागत नाही. गळती बंद करायची जी पावडर किंवा द्रव कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या रंगीत द्रवात) ओततात, तिचा साका असा असतो. मग रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंटचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर, एक थेंब ठेवून बघितला. कूलंटचं प्रमाण नगण्य. म्हणजे बहुतांश साधं पाणी, त्यात रंगापुरतं कूलंट.

इथं एक बारीक गोष्ट आहे, आणि ती अनेक ठिकाणी निसटते. हेड गॅस्केट ओळखायला बहुतेक जण वासावर जातात. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते जळलं की धुराला गोडसर वास येतो. गुरुजींच्या गाडीच्या धुराला असा वास नव्हता, आणि त्यावरूनच शेजाऱ्यांनी गॅस्केट ठीक असल्याचं सांगितलं होतं. पण इंजिनात ग्लायकॉलच नाही, तर गोड वास येणार कुठून? साध्या पाण्याची वाफ आणि थंडीची वाफ यांत नाकाला फरक कळत नाही. वासाची कसोटी या गाडीपुरती बादच झाली. (आणि वास घ्यायचा तर लांबून, मोकळ्या हवेत. सायलेन्सरजवळ तोंड नेऊ नये, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.)

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. दोष कोड एकही नव्हता. पण बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’ दिसतं, तो आकडा बघायची सवय ठेवावी. इथं तो काहीशे किलोमीटरच होता. म्हणजे गाडी विकली गेली त्याच सुमारास कोणीतरी मेमरी कोरी केली होती. बॅटरीची वायर काढली तरी असं होऊ शकतं, त्यामुळे एवढ्यावर कोणाला दोषी धरता येत नाही. पण कोड नाही म्हणून इंजिन निर्दोष, हा निष्कर्षही मग काढता येत नाही.

नशिबानं अंगणात त्याच मॉडेलची दुसरी एक गाडी सर्व्हिसिंगला उभी होती. दोन्ही गाड्यांनी रात्र एकाच हवेत काढली. सकाळी दोन्ही शेजारी शेजारी सुरू केल्या. धूर दोन्हींना आला. पण दुसऱ्या गाडीचा धूर सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जात होता, आणि तिचं इंजिन पहिल्या क्षणापासून एका लयीत चाललं. गुरुजींची गाडी पहिले काही सेकंद थरथरली, मिसिंग केलं (एखादा सिलिंडर नीट पेटत नव्हता), मग सुधारली. धूर दाट होता आणि बराच वेळ अंगणात रेंगाळला. स्कॅनरवर तिसऱ्या सिलिंडरचे मिसफायर मोजले जात होते. ते थोड्या वेळात थांबले, कोड पडण्याइतके झाले नाहीत.

ही थरथर म्हणजे या प्रकरणाची किल्ली. थंडीची वाफ सायलेन्सरमध्ये होते. सिलिंडरशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे तिनं इंजिन मिसिंग करत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एकाच सिलिंडरवर अडखळत असेल आणि त्याच वेळी पांढरा धूर येत असेल, तर त्या सिलिंडरात रात्रीतून काहीतरी ओलं उतरलेलं असतं. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा मागं उभं राहून धूर बघण्याआधी पुढं उभं राहून पहिल्या दहा सेकंदांचा आवाज ऐका. आणि गाडी तुम्ही पोचण्याआधी गरम करून ठेवलेली नको. बॉनेटला हात लावून बघा, कोमट असेल तर परत या.

नंतर गार इंजिनावर झाकण काढून, मग इंजिन गरम करून आम्ही निळ्या द्रावणाची चाचणी घेतली. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा द्रावणातून ओढायची. त्या हवेत जळलेला वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळ्याचं पिवळं होतं. आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, चाचणी घेतली, रंग निळाच राहिला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासलं, चारही सिलिंडर १२ बारच्या आसपास, तिसरा किंचित कमी, पण कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेत.

गुरुजी तिथंच उभे होते. म्हणाले, “म्हणजे तसं काही नाही की ओ मेस्त्री?” त्यांचा चेहरा बघून हो म्हणावंसं वाटत होतं. पण बाटलीवरची खूण सांगत होती की पातळी उतरली आहे. बाहेर कुठं थेंब नव्हता. वॉटर पंप कोरडा, होस (पाण्याच्या रबरी नळ्या) कोरडे, आत पायाखालची मॅट उचलून बघितली, हीटरची गळती नाही. पाणी कमी झालं आहे आणि बाहेर दिसत नाही, तर ते आतच गेलं आहे.

दोन चाचण्या पास झाल्या तरी गॅस्केट दोषी असू शकतं, ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. पेट्रोल इंजिन ओढत असताना सिलिंडरमधला दाब क्षणभर ४०-५० बारच्याही पुढं जातो, आणि कूलंटचा दाब असतो एक बारच्या आसपास. तेव्हा गॅस्केटमध्ये बारीक वाट असेल तर वायू सिलिंडरमधून पाण्याकडं जातो. आयडलवर सिलिंडरमधला दाब पुष्कळ कमी, त्यामुळे बारीक वाटेतून फारसं काही जात नाही. गाडी बंद केली की उलटं होतं. सिलिंडर रिकामा, त्यात वातावरणाचाच दाब, आणि कूलिंगमध्ये मात्र गरम पाण्याचा दाब पुढं बराच वेळ टिकून राहतो. त्या वेळात पाणी थेंबाथेंबानं सिलिंडरमध्ये पाझरतं. सकाळी तेच वाफ होऊन बाहेर येतं आणि सिलिंडर कोरडा झाला की धूर बंद. म्हणून हा धूर हुबेहूब थंडीच्या धुरासारखा वागतो. फक्त सकाळी, फक्त पहिली काही मिनिटं. कॉम्प्रेशनच्या चाचणीत एवढ्या केसभर वाटेनं १२ बारमधला फारसा दाब निसटत नाही.

म्हणून चाचणीच बदलावी लागली. गाडी लोडवर घ्यायची होती. काकतीवरून हायवेनं वंटमुरीचा घाट चढवला, मुद्दाम वरच्या गिअरमध्ये, इंजिनाला ओढायला लावून. परत आल्यावर वरचा होस हाताला दगडासारखा कडक लागला. इंजिन गार होऊ दिल्यावर, झाकण हळूच सैल करून उरलेला दाब सोडून, तीच निळ्या द्रावणाची चाचणी पुन्हा घेतली. यावेळी रंग हळूहळू हिरवट आणि मग पिवळा झाला.

तरीही हेड उघडण्याआधी एक खात्री हवी होती, कारण ग्राहकाचे पैसे एकदा हेड उतरवल्यावर परत येत नाहीत. हातपंपानं कूलिंगमध्ये एक बार दाब भरला. गेजचा काटा हळूहळू उतरू लागला. पुन्हा भरून तसंच ठेवलं. मग चारही प्लग काढले, इंजेक्टरची जोडणी सोडली, भोकांवर सुती कापड धरलं आणि स्टार्टर मारला. तिसऱ्या भोकातून पाण्याचा फवारा आला, बाकी तीन कोरडी. तिसरा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ होता. बारीक कॅमेरा आत सोडला तर तीन पिस्टनांवर काळा कार्बन आणि तिसऱ्याचं डोकं चकचकीत, वाफेनं साफ केलेलं. आता शंकेला जागा नव्हती.

गावाकडच्या त्या मेस्त्रीचं मत मग खरंच ठरलं, असं कोणी म्हणेल. ठरलं. पण त्याच आठवड्यात धुराचीच तक्रार घेऊन आलेल्या दुसऱ्या एका गाडीत काहीच दोष नव्हता. ती रोज शाळा आणि बाजार एवढीच फिरायची, सायलेन्सर कधी पुरता तापतच नव्हता, आत पाणी साठलं होतं. हायवेवर लांबवर नेऊन आणली, झालं. तिच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलईसुद्धा होती, जी बघून अनेक जण घाबरतात. पण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि मलई फक्त झाकणाखाली असेल, तर ती बहुधा छोट्या फेऱ्यांची ओल असते. धूर दोन्ही गाड्यांचा पांढराच होता.

डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण इकडं निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात जीप आणि पिकअप डिझेलवरच चालतात. डिझेलचा पांढरा धूर पुष्कळदा न जळलेल्या डिझेलचा असतो. डोळ्याला झोंबतो, वास उग्र. हीटर प्लग, नोझल, कमी कॉम्प्रेशन, या दिशेनं बघायचं. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) आतून फुटला तरी कूलंट जळतं आणि लोक हेड उघडत बसतात, तेव्हा आधी तो तपासा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) स्वतःला साफ करताना फिकट धूर दिसू शकतो, तो दोष नव्हे. निळसर झाक असेल तर ऑइल. आणि पेट्रोल गाडीत क्वचित, फार क्वचित, ब्रेक ऑइल बूस्टरमधून इंजिनात ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो. ब्रेक ऑइलची पातळी कमी होतेय आणि चाकांकडं गळती नाही, तर तिकडं बघा.

हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरची कडा आणि शेजारचं पाण्याचं भोक यांच्यामध्ये गॅस्केटवर वाट दिसत होती, तपकिरी साक्यानं अर्धवट बुजलेली. पावडरनं काही दिवस काम केलं होतं. विक्री होण्यापुरते. हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज घातलं, तर मधोमध ०.१० मिलिमीटरची पाती जात होती. अशा हेडला मर्यादा साधारण ०.०५ची असते. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड म्हणजे काय, हे बेळगावकरांना सांगायला नको, फाउंड्रीवर अर्धं गाव पोसलंय. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन एकदा जरी बेसुमार तापलं तरी हेड वाकडं होतं आणि गॅस्केट दोघांच्या मध्ये घासलं जातं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हेड दिलं. आधी तडा तपासून घेतला, मग फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेणं. हा क्रम उलटा करू नये, तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचे पैसे वाया जातात. तडा नव्हता. फेसिंगनंतर हेडची जाडी पुस्तकातल्या किमान मापापेक्षा जास्त आहे, हे मोजून घेतलं. नवं गॅस्केट, हेडचे बोल्ट नवे. या इंजिनाचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात, आणि तिथंच बरेच जण पैसे वाचवतात. टॉर्क पान्यानं मधून बाहेरच्या दिशेनं, पुस्तकातल्या टप्प्यांनी आणि अंशांनी कसले. ऑइल आणि फिल्टर बदलले.

पण गॅस्केट का गेलं, हे कळल्याशिवाय काम पुरं होत नाही, नाहीतर नवंही जाणार. दोन गोष्टी सापडल्या. रेडिएटरचा पंखा कोरा होता, आजूबाजूचं सगळं जुनं आणि त्यात तेवढी एकच मोटर नवी. म्हणजे आधीचा पंखा कधीतरी बंद पडला होता आणि गाडी तेव्हा तापली होती. दुसरी गोष्ट, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) जागेवर नव्हता. घर होतं, आतला व्हॉल्व्ह काढून टाकलेला. आपल्याकडं गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची वाईट खोड आहे. त्यानं काटा खाली राहतो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं, पण इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, पेट्रोल जास्त जळतं, आणि थंडीचा धूरही लांबतो. गुरुजींच्या गाडीत म्हणून दोन्ही धूर एकावर एक होते, पाझरलेल्या पाण्याचा आणि न तापणाऱ्या इंजिनाचा. नवा थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर आतून साक्यानं भरला होता, धुऊन भागलं नाही, बदलावा लागला. हीटरचा बारीक रेडिएटर उलट बाजूनं पाणी सोडून साफ झाला. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

सगळ्या चाचण्यांचे फोटो, गेजचे आकडे, कापडावरच्या फवाऱ्याचा व्हिडिओ आणि गॅस्केटची ती जागा, हे तारखेसह गुरुजींना दिलं. त्यातलं चाचण्यांचं सगळं हेड उघडण्याआधीच त्यांनी व्यापाऱ्याला पाठवून त्याचा माणूस बघायला बोलावला होता, हे फार महत्त्वाचं. उघडल्यावर दाखवलं की समोरचा म्हणतो, तुमच्याच मेस्त्रीनं बिघडवलं. गुरुजींना वाटत होतं, व्यापारी महाराष्ट्रात, आपण कर्नाटकात, भांडायचं तर कोल्हापूरला हेलपाटे. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे बेळगावात. तेवढं त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं. गुरुजींनी रोखलेल्या रकमेवरचा हक्क व्यापाऱ्यानं सोडून दिला आणि एनओसी पाठवली. खर्चाचा मोठा भाग त्यातून निघाला, रेडिएटर आणि कूलंटचे पैसे गुरुजींनी भरले.

गाडी देताना दोन सूचना दिल्या. पहिले काही आठवडे रोज सकाळी गार इंजिनावर बाटलीची खूण बघायची, आणि पिकअप कमी वाटला किंवा चेक इंजिनचा दिवा लागला तर यायचं. पाण्याबरोबर सिलिंडरमधून गेलेल्या रसायनांनी ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो, आणि तो परिणाम उशिरा दिसतो. आतापर्यंत दिवा लागलेला नाही. मधल्या काळात गुरुजी चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन, घाट चढून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी खूण दाखवायला गाडी घेऊन आले. पातळी खुणेवरच होती.